हिमाच्या मुलखातील वसंत : बागेची व परसातील कामे

वसंत ऋतू म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे आंब्याचा मोहोर, फुललेला पळस आणि खळ्यावर आलेली रब्बीची रास उभी राहते. आपल्याकडे हा पेरणीचा काळ नव्हे. सुगी आटोपून उन्हाळी मशागतीस लागण्याचा काळ होय. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही विस्तीर्ण मुलूख आहेत की, जेथे चैत्र लागतो तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली असते, वैशाखात ती हळूहळू मोकळी होते, आणि ज्येष्ठ उजाडेपर्यंत टोमॅटोचे रोप उघड्यावर लावण्याचा धीर जाणता माळी करीत नाही. कॅनडा देशाच्या आल्बर्टा प्रांतातील कॅल्गरी शहर व त्याभोवतालचा प्रदेश हा अशाच मुलखांपैकी एक आहे.

नोकरीधंद्याच्या निमित्ताने आपली मराठी मंडळीही तेथे स्थायिक झालेली आहेत. घरामागे चार हात जागा मिळाली की तीत मेथी-कोथिंबिरीचा वाफा करावा, ही इच्छा त्यांच्या मनात स्वाभाविकपणे उत्पन्न होते. मात्र आपल्या गावचा अनुभव तेथे जसाच्या तसा लावू गेल्यास पहिल्याच वर्षी बी, रोपे व हौस या तिहींवर पाणी पडण्याचा संभव असतो. सबब तेथील वसंतातील कामांचा क्रम व त्यामागील कारणे या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे. जे वाचक परदेशी जाणार नाहीत, त्यांनाही हा विषय परका वाटू नये. वळवाच्या एका सरीवर भुलून पेरणी करावी आणि पुढे पावसाने ओढ दिल्यावर दुबार पेरणीचा खर्च सोसावा, ही आपत्ती आपल्या ओळखीची आहे. तेथे पावसाच्या जागी ऊब फसविते, एवढाच काय तो फरक.

प्रदेश व हवा

कॅल्गरी हे शहर रॉकी पर्वताच्या पूर्वेस, पायथ्याच्या टेकड्यांजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०४५ मीटर उंचीवर, ५१ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. वर्षाचे एकूण पर्जन्यमान, बर्फ धरून, सुमारे ४२० मिलिमीटर म्हणजे साडेसोळा इंच असते. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांची आठवण व्हावी इतके ते कमी आहे. त्यातही सर्वांत ओला महिना जून होय. म्हणजे वसंतात वाफ्याला पाणी देण्याची तजवीज आपणच ठेवावी लागते.

ह्या प्रदेशाच्या हवेचा खरा लहरीपणा ‘चिनूक’ नावाच्या वाऱ्यात आहे. पॅसिफिक महासागराकडून येणारे दमट वारे पर्वतावर चढताना आपले पाणी पश्चिम उतारावर टाकून देतात, आणि पूर्वेकडे उतरताना दाबले जाऊन तापतात. हा कोरडा व उष्ण वारा सुटला म्हणजे ऐन हिवाळ्यातही अंगणातील बर्फ बघता बघता नाहीसा होतो. कॅल्गरीच्या दक्षिणेस पिंचर क्रीक नावाचे गाव आहे. तेथे १० जानेवारी १९६२ रोजी एका तासाच्या अवधीत उष्णमान शून्याखाली १९ अंशांवरून शून्यावर २२ अंशांपर्यंत चढल्याची नोंद आहे. (ह्या लेखातील सर्व अंश सेंटिग्रेडचे समजावेत.) माणूस अशा दिवशी अंगातील जाड कोट काढून ठेवतो व सायंकाळी पुन्हा घालतो, पण झाडाची कळी एकदा फुगली म्हणजे तिला पुन्हा मिटता येत नाही. वारा पडला की थंडी परत येते, आणि जागी झालेली कळी तीत सापडते.

वसंतातही हाच खेळ चालू असतो. एप्रिलमध्ये चार दिवस छान ऊन पडते, लोक खुर्च्या अंगणात काढतात, आणि पुढल्याच आठवड्यात वाफ्यावर वीतभर बर्फ साचलेला दिसतो. मे महिन्यातही बर्फ पडणे नवलाचे नाही. वसंतातील शेवटचे हिम सरासरीने मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडते, आणि शरदातील पहिले हिम सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास येते. या दोहोंमध्ये जेमतेम पावणेचार महिने हाती राहतात. एवढ्यात बी रुजून फळ पिकले पाहिजे; दुसरा हंगाम नाही.

तारीख आणि माती

तेथील लोकांत ‘व्हिक्टोरिया दिना’ची, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारची सुटी हा बाग लावण्याचा मुहूर्त मानण्याची रूढी आहे. आपल्या मृगासारखाच हा एक ठोकताळा होय, आणि तो निराधार नाही. तथापि सरासरी तारीख म्हणजे निर्धास्त तारीख नव्हे, हे विसरता कामा नये. सरासरीच्या अलीकडे जितकी वर्षे असतात, साधारण तितकीच पलीकडेही असतात. त्या दिवशी सर्व रोपे एकदम उघड्यावर लावणारा माळी अनेक वर्षांच्या अनुभवाने ठरलेली तारीख पाळतो खरा, पण त्या विशिष्ट वर्षाची पारख करीत नाही.

मग भरवसा कशावर ठेवावा? आमचे उत्तर असे की, हातातल्या मातीवर. हवा एका दुपारी तापते; माती तापण्यास आठवडे लागतात. म्हणून एका उबदार दिवसाने माती फसत नाही. आपला शेतकरी वाफसा आल्याखेरीज औत धरीत नाही. तोच नियम तेथेही लागू आहे. बर्फ वितळल्यावर वरची माती ओली असते आणि तिच्या खाली गोठलेला थर कायम असल्यामुळे पाणी निचरत नाही. अशा वेळी मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा होऊन तो बोटाच्या टिचकीने फुटत नसेल, तर कुदळ परत ठेवून द्यावी. कॅल्गरीकडील माती पुष्कळ ठिकाणी चिकण आहे. ती ओली असताना तुडविली किंवा खणली तर जी ढेकळे बनतात ती साऱ्या उन्हाळ्यात फुटत नाहीत. ही माती बहुधा चुनखडीयुक्तही असते. म्हणून तीत चुना किंवा लाकडाची राख घालू नये.

वाफसा आल्यावर दुसरी परीक्षा उष्णमानाची. साधा उष्णतामापक चार इंच खोल खोचून रोज सकाळी पाहावे, आणि लागोपाठ चार-पाच दिवस आकडा टिकला तरच तो खरा मानावा. माती ४-५ अंशांवर आली म्हणजे मटार, पालक, सॅलडची पाने व कांद्याच्या लहान गड्ड्या लावता येतात. ही पिके थोडे हिम सोसतात. ७ अंशांवर बटाटा व गाजर, १० अंशांपुढे मका, आणि १५ अंशांच्या आसपास घेवडा, काकडी व भोपळा असा क्रम धरावा. थंड व ओल्या मातीत टाकलेले घेवड्याचे बी उगवत नाही, कुजते. पंधरा दिवस आधी टाकलेले असे बी पुष्कळदा नंतर टाकलेल्याच्या मागे पडते.

जमीन लवकर तापावी म्हणून गादीवाफे करण्याची पद्धत तेथे फार उपयोगी ठरते. फूटभर उंच वाफ्यातील पाणी लवकर निचरते, बाजूंनाही ऊन लागते, आणि सपाट जमिनीच्या आधी पेरणी साधते. मात्र असा वाफा सुकतोही लवकर. पाण्याची सोय जवळ नसेल तर हा लाभ वाया जातो.

घरात वाढविलेली रोपे

पावणेचार महिन्यांत टोमॅटो पिकवावयाचा म्हणजे त्याचे बालपण घरातच गेले पाहिजे. लागणीच्या सहा ते आठ आठवडे आधी टोमॅटोचे बी, आणि आठ ते दहा आठवडे आधी मिरचीचे बी घरात पेरावे. ह्याहून लवकर पेरण्याचा मोह आवरावा. खिडकीशी वाढलेली उंच, पांढुरकी रोपे बाहेर टिकत नाहीत. रोपांना दिवसातून चौदा ते सोळा तास दिव्याचा प्रकाश जवळून दिल्यास ती ठेंगणी व जाड बुंध्याची होतात. वाण निवडताना चव व आकार यांआधी मुदत पाहावी. लागणीपासून साठ-पासष्ट दिवसांत फळ देणारा टोमॅटो तेथे खात्रीचा.

घरातले रोप एकदम उन्हात नेले तर पाने भाजून पांढरी पडतात. म्हणून सात ते दहा दिवस त्याला बाहेरची सवय लावावी. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, पुढे रोज थोडा अधिक वेळ व थोडे अधिक ऊन, आणि शेवटच्या एक-दोन रात्री, हवा निवळलेली असल्यास, बाहेरच. या दिवसांत पाणी थोडे आखडते द्यावे. काचेच्या झाकणाची लाकडी पेटी असल्यास हे काम सोपे होते. परंतु उन्हाच्या दिवशी झाकण उचलून ठेवण्यास विसरू नये, नाहीतर थंडीपासून जपलेली रोपे दुपारच्या उष्णतेने शिजतील.

अंगणातील झाडे व हिरवळ

भाजीची चूक एका वर्षाची असते. झाडाची चूक दहा वर्षांची. म्हणून परसातील झाडांकडे आधी पाहावे. बर्फाखालून उंदराच्या जातीचे लहान प्राणी फिरतात आणि फळझाडांची साल बुंध्याशी कुरतडतात. साल सभोवार गेली असेल तर झाड वाचविणे दुरापास्त. यासाठी बर्फ पडण्यापूर्वीच बुंध्याभोवती बारीक तारेच्या जाळीचे नळकांडे घालावे.

स्प्रूस, जुनिपर यांसारखी सदाहरित झाडे वसंतात एका बाजूने तांबूस झालेली दिसतात. चिनूकच्या उष्ण वाऱ्याने पानांतील पाणी उडते, पण मुळे गोठलेल्या जमिनीत असल्याने ती नवे पाणी शोषू शकत नाहीत; झाड थंडीने नव्हे, तहानेने होरपळते. अशा फांद्या घाईने तोडू नयेत. नखाने साल खरवडून आत हिरवे दिसल्यास नवी पालवी येईपर्यंत वाट पाहावी, आणि जमीन मोकळी होताच मुळांशी खोलवर पाणी द्यावे. खरा उपाय मात्र आदल्या शरदात, जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी देणे हाच.

छाटणीची वेळ झाडागणिक वेगळी आहे. सफरचंदाची छाटणी कळ्या फुटण्यापूर्वी उरकावी. ह्या कुळातील झाडांना ‘फायर ब्लाइट’ नावाचा जंतुजन्य रोग होतो. फांदीचे शेंडे आगीने होरपळल्यासारखे काळे पडून आकड्यासारखे वळतात. अशी फांदी रोगाच्या खुणेखाली सुमारे फूटभर अंतरावर कापावी व प्रत्येक कापणीनंतर कात्री निर्जंतुक करावी. लायलॅकच्या पुढील वर्षाच्या कळ्या फुलोऱ्यानंतर लवकरच बनू लागतात. म्हणून त्याची छाटणी फुले सरताच करावी. भूर्ज व मेपल यांना वसंतात कापल्यास रस वाहू लागतो. त्यांची पाने पुरती उघडेपर्यंत थांबावे. एल्म वृक्षाच्या बाबतीत तर कायदाच आहे. आल्बर्टात १ एप्रिलपासून ३० सप्टेंबरपर्यंत एल्मची छाटणी करण्यास मनाई आहे, कारण ताज्या कापाच्या वासाने साल पोखरणारे भुंगे येतात व त्यांच्याबरोबर ‘डच एल्म’ रोगाची बुरशी येते. २०२४ साली हा रोग एडमंटन शहरात आढळल्यापासून ह्या नियमाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

हिरवळीवर बर्फ वितळल्यानंतर राखाडी किंवा गुलाबी जाळीची वर्तुळे दिसतात. ती बर्फाखाली वाढणारी बुरशी होय. जमीन पायाखाली दबत नाही इतकी सुकल्यावर हलक्या हाताने दाताळे फिरवून गवत मोकळे करावे. हवा खेळू लागली की बहुतेक ठिकाणी गवत आपोआप सावरते. वाफ्यांवरील पाल्याचे आच्छादन मात्र एकदम ओढून काढू नये. जमीन रात्री गोठणे व दिवसा वितळणे चालू असता लहान रोपांची मुळे वर उचलली जातात. आच्छादन हे उचलणे कमी करते. आदल्या शरदात लावलेला लसूण व स्ट्रॉबेरी यांचे कोंभ दिसू लागले म्हणजे ते थोडे थोडे बाजूस सारावे.

हिमाची रात्र कशी ओळखावी

निरभ्र आकाश, पडलेला वारा व कोरडी हवा ही तीन चिन्हे सायंकाळी एकत्र दिसली की सावध व्हावे. दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता अशा रात्री आकाशात निघून जाते. ढग असल्यास ते पांघरुणाचे काम करतात. थंड हवा जड असल्याने पाण्याप्रमाणे उताराकडे वाहते व सखल कोपऱ्यात साचते. एकाच परसात कुंपणाजवळच्या खोलगट वाफ्यातील घेवडा मरतो आणि चार हात उंचावरील वाचतो, त्याचे कारण हेच.

अशा दिवशी दुपारपूर्वी वाफ्यास पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीहून अधिक उष्णता साठवून ठेवते. सूर्य मावळण्याच्या सुमारास जुन्या चादरी काठ्यांच्या आधाराने अशा पसराव्यात की त्यांच्या कडा जमिनीला टेकतील. रोपाला जमिनीतून येणारी ऊब मिळाली पाहिजे. केवळ शेंड्याला टोपी घालून उपयोग नाही. प्लास्टिकचा कागद वापरल्यास तो पानांस टेकू देऊ नये, कारण टेकलेल्या जागी पान गोठते. सकाळी ऊन येताच पांघरूण काढावे. आमच्या निफाडकडील द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवितात व पाणी सोडतात, ते ह्याच तत्त्वावर.

हिमाचा काळ सरला तरी गारांचे भय राहते. १३ जून २०२० रोजी कॅल्गरीच्या ईशान्य भागावर जो गारांचा मारा झाला, त्याने घरे व वाहने यांच्या विम्याची नुकसानी एक अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेली. वाफ्यांची गणती कोण करणार? म्हणून जाळीचे आच्छादन व ते ताणण्याच्या कमानी जूनमध्येही हाताशी ठेवाव्यात.

आपल्या भाज्या

मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा यांना थंडी मानवते, म्हणून मराठी गृहिणीचा पहिला वाफा ह्यांचाच असावा. पण येथे एक निराळी अडचण येते. कॅल्गरीस जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. लांब दिवस लागताच पालक व मुळा फुलावर येतात, आणि उन्हाची भर पडली म्हणजे कोथिंबीरही त्यांच्या मागे जाते. पानांची आशा धरून बसलेल्यास हाती दांडे येतात. ह्यावर तोड अशी की, माती अनुकूल होताच लवकर पेरावे, थोडे थोडे बी दर दहा-बारा दिवसांनी टाकावे, आणि जुलैच्या अखेरीस, दिवस लहान होऊ लागल्यावर, दुसरा वाफा करावा. भेंडी व वांगी यांना तेथील थंड रात्री सोसत नाहीत. ती काचघरात किंवा दक्षिणेकडील भिंतीशी कुंडीत लावावीत, अथवा त्यांचा नाद सोडावा.

थोड्या दिवसांचे मोल

त्या मुलखात आठवडाभराच्या अवधीला केवढे मोल आहे, हे गव्हाच्या एका वाणावरून दिसून येते. कॅनडाच्या प्रेअरीत पूर्वी ‘रेड फाइफ’ हा उत्तम गहू होता, पण तो उशिरा पिके व पुष्कळदा शरदाच्या हिमात सापडे. त्याचा संकर ‘हार्ड रेड कलकत्ता’ नावाच्या, हिंदुस्थानातून गेलेल्या, लवकर पिकणाऱ्या गव्हाशी करण्यात आला. त्या संततीतून चार्ल्स सॉण्डर्स यांनी निवडलेला ‘मार्क्विस’ गहू १९०९ साली शेतकऱ्यांस वाटण्यात आला. तो रेड फाइफहून सुमारे आठवडाभर आधी कापणीस येई, आणि थोड्याच वर्षांत त्याने त्या मैदानांचा बहुतांश भाग व्यापला. आपल्याकडील एका गव्हाची घाई त्या देशाला अशी तारक झाली.

परसबागेच्या बाबतीत असेच चिकाटीचे उदाहरण विल्यम रीडर यांचे. १९१३ ते १९४२ पर्यंत ते कॅल्गरीच्या उद्यानांचे अधीक्षक होते. झाडे टिकणार नाहीत अशी समजूत असलेल्या त्या उघड्या माळावर, आपल्या राहत्या घराभोवतीच्या टेकाडावर त्यांनी हजारो प्रकारची झाडे लावून पाहिली. कोणते जगते, कोणते मरते, हे लावून पाहूनच ठरविले. त्यांची ती बाग ‘रीडर रॉक गार्डन’ या नावाने आजही पाहावयास मिळते.

हवामान पालटत आहे, मग ही सारी खबरदारी आता कशाला, असे कोणी म्हणेल. मध्य आल्बर्टात १९३६ ते २००६ ह्या काळातील नोंदी अभ्यासल्या असता अ‍ॅस्पेन वृक्षासारख्या लवकर फुलणाऱ्या वनस्पतींचा बहर सुमारे दोन आठवडे अलीकडे आल्याचे दिसून आले आहे. पण फुले लवकर आली म्हणून हिम पडणे थांबत नाही. ज्या वर्षी ऊब लवकर येते, त्याच वर्षी उशिराच्या एका थंड रात्रीत फुललेला बहर जाण्याची भीती अधिक असते. म्हणून उबेचे स्वागत करावे, पण तिच्या भरवशावर बी टाकू नये.

तेव्हा तेथे बाग करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस आमची सूचना इतकीच की, दुकानातून पहिले बी आणण्याआधी एक उष्णतामापक व एक वही आणावी. मातीत वाफसा कधी आला, चार इंचांवर किती अंश झाले, शेवटचे हिम कोणत्या रात्री पडले व परसातील कोणत्या कोपऱ्यात पडले, हे दरवर्षी टिपावे. सर्व रोपे एका दिवशी लावू नयेत. तिसरा हिस्सा नेहमी मागे राखावा. पाच वर्षांची अशी वही हाती आली म्हणजे त्या परसापुरते तिच्याइतके भरवशाचे पंचांग दुसरे नाही. आणि मृगाच्या तोंडाशी आभाळाकडे पाहत बसणाऱ्या आमच्या येथील शेतकऱ्यानेही आपल्या शिवारातील पावसाची व वाफशाची अशीच वही ठेविली, तर तिचा उपयोग त्यासही तितकाच होईल.